समासांतल्या सूचना आणि पावसाचें गणित

सत्यनारायणाच्या पूजेची पोथी ज्यांनीं एकदां तरी हातीं घेऊन चाळली असेल, त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आलीच असेल. त्या पोथींत दोन तऱ्हेचा मजकूर असतो. एक मोठ्यानें म्हणावयाचा. दुसरा म्हणावयाचा नव्हे, करावयाचा. मंत्र संपला कीं त्याखालीं बारीक टाइपांत 'येथें गंध लावावें', 'येथें पळीभर पाणी ताम्हनांत सोडावें' असें छापलेलें असतें. जाणते गुरुजी मंत्र म्हणतात आणि सूचना पाळतात. नवशिका बटु मात्र एखादे वेळीं मंत्राच्याच ठेक्यांत 'येथें पळीभर पाणी सोडावें' हेंहि खणखणीत स्वरांत म्हणून टाकतो, पाणी सोडावयाचें राहूनच जातें, आणि माजघरांत हंशा पिकतो. उच्चारावयाचें कोणतें आणि आचरावयाचें कोणतें हा विवेक ज्यास नाहीं, त्याच्या हातीं पोथी शुद्ध असूनहि पूजा अशुद्ध होते.

हाच विवेक एका अगदीं निराळ्या क्षेत्रांत किती मोलाचा ठरला आहे, हें आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. आमच्या बहुतेक सुविद्य कुटुंबांत हल्लीं एखादा तरी मुलगा, सून किंवा नात पुण्यास, बंगळुरास अथवा परदेशीं संगणकाच्या कामांत गुंतलेली असते. तीं मुलें दिवसभर पडद्यावर कांहीं लिहितात एवढें वडील मंडळींस दिसतें. पण काय लिहितात, कोणासाठीं लिहितात आणि तें वाचतो कोण, ह्याचा उलगडा सहसा होत नाहीं. त्या लिखाणांतहि म्हणावयाचें आणि करावयाचें असा भेद असतो, आणि त्या भेदाचा धागा आमच्या धाराशिव जिल्ह्यांतल्या सोयाबीनच्या शेतापर्यंत जाऊन पोंचतो. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांवर सोंपवून मोकळें होणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

मधला दुभाष्या

संगणकाचें यंत्र अंकांवांचून दुसरें कांहींच जाणत नाहीं. 'ह्या खान्यांतली संख्या त्या खान्यांतल्या संख्येंत मिळव' एवढ्याच तोडीच्या लहान लहान आज्ञा, त्याहि अंकांत लिहिलेल्या, त्यास समजतात. असल्या आज्ञा हातानें लिहीत बसणें म्हणजे महाभारत खड्यांनीं मोजून सांगण्यापैकीं आहे. म्हणून मनुष्यास सुचेल अशा बेतशीर भाषेंत आज्ञावली लिहावी आणि तिचें यंत्राच्या अंकभाषेंत रूपांतर करण्याचें काम दुसऱ्या एका आज्ञावलीवर सोंपवावें, ही युक्ति निघाली. ह्या दुभाष्यास कंपायलर असें म्हणतात. १९५७ सालीं अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं रचिलेली फोर्ट्रान ही भाषा तिच्या कंपायलरसह बाहेर काढली. मोठीं गणितें करणारीं माणसें आजहि ती भाषा वापरतात. पाऊणशें वर्षांकडे झुकलेली ही म्हातारी अद्याप घरांतली किल्ली कमरेस लावून आहे!

त्या काळीं आज्ञावली जाड कागदाच्या पत्त्यांवर भोंकें पाडून लिहीत. एका पत्त्यावर ऐंशी अक्षरांची जागा असे. पहिल्याच जागीं 'सी' हें अक्षर असलें तर तो पत्ता दुभाष्यासाठीं नव्हे, तर मागाहून वाचणाऱ्या मनुष्यासाठीं आहे असें ठरलेलें होतें. त्यास आपण शेरा म्हणूं. दुभाष्यानें शेरा पाहावा आणि सोडून द्यावा. वहीच्या समासांत आपण 'ही रक्कम गणूकाकांकडून येणें' असें टिपतों. बेरीज करणारा त्या शब्दांची बेरीज करीत नाहीं, तसाच हा प्रकार.

पण पहिल्या फोर्ट्रानमध्येंच एक तिसराहि प्रकार होता, आणि तो मोठा अर्थपूर्ण आहे. 'फ्रीक्वेन्सी' नांवाचें एक वाक्य लिहून आज्ञावलीकारानें दुभाष्यास कळवावें कीं, ह्या फांट्याकडे वारंवार वळावें लागेल व त्या फांट्याकडे क्वचित्. हें वाक्य गणितांत भर घालीत नसे आणि उत्तरहि बदलीत नसे. 'भाषांतर करतांना एवढें ध्यानांत ठेव' अशी ती दुभाष्याच्या कानांत सांगितलेली गोष्ट होती. पुढें ती भाषेंतून गळाली, परंतु तिच्या मागची कल्पना टिकली. अशा वाक्यांस आम्ही येथें निर्देश असें म्हणूं.

शेऱ्याच्या वेषांतली आज्ञा

१९७६ सालीं क्रे-१ हा महासंगणक निघाला. एकेक संख्या घेऊन बेरीज करण्याऐवजीं संख्यांची अख्खी रांग एकदम घेऊन तीवर एकच क्रिया करण्याचें सामर्थ्य त्याच्या अंगीं होतें. मात्र त्यासाठीं रांगेंतली पुढची संख्या मागच्या संख्येच्या उत्तरावर अवलंबून नाहीं अशी खात्री दुभाष्यास हवी. पुष्कळ वेळां ती खात्री मनुष्यास असते, दुभाष्यास नसते. मग ती सांगावी कशी? मूळ भाषेंत नवें वाक्य घातलें तर तीच आज्ञावली दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर अडून बसणार.

ह्यावर काढलेली तोड पाहण्यासारखी आहे. ओळीच्या आरंभीं शेऱ्याचें तेंच 'सी' अक्षर घालावें आणि त्यास लागूनच 'डीआयआर' व डॉलरचें चिन्ह लिहावें. इतर सगळे दुभाषे 'सी' पाहतांच हा शेरा आहे असें समजून पुढें जातात. क्रेचा दुभाष्या मात्र पुढचीं चिन्हें ओळखतो आणि थबकतो: हा शेरा नव्हे, मजसाठीं निरोप आहे! एकच पोथी दोघांनीं वाचावी, एकास ती समासांतली टीप वाटावी आणि दुसऱ्यास आज्ञा वाटावी, अशी ही योजना आहे.

हीच रीत पुढें सर्व कंपन्यांनीं मिळून सार्वजनिक केली. ऑक्टोबर १९९७ मध्यें ओपन-एम-पी ह्या नांवाची निर्देशांची एक मान्य यादी प्रथम फोर्ट्रानसाठीं प्रसिद्ध झाली. पुढल्याच वर्षीं सी भाषेसाठीं तशीच यादी आली. फोर्ट्रानमध्यें आतां शेरा उद्गारचिन्हानें सुरू होतो. त्या उद्गारचिन्हास चिकटून डॉलरचें चिन्ह व 'ओएमपी' हीं अक्षरें आलीं कीं तो निर्देश झाला. सी भाषेंत ह्याच कामीं 'प्रॅग्मा' हा शब्द योजतात. मूळ ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ कार्य असा आहे.

ह्या प्रॅग्माची एक गमतीची हकीकत आहे. सी भाषेचें प्रमाण ठरत होतें तेव्हां, प्रॅग्मा आल्यास दुभाष्यानें काय करावें हें ज्यानें त्यानें आपल्यापुरतें ठरवावें, असें मसुद्यांत म्हटलेलें होतें. रिचर्ड स्टॉलमन ह्यांच्या पुढाकारानें तयार झालेल्या जीसीसी ह्या विख्यात कंपायलरच्या कर्त्यांस ही मोकळीक मुळींच रुचली नाहीं. त्यांनीं १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या दुभाष्यास अशी शिकवण देऊन ठेविली कीं, अनोळखी प्रॅग्मा दिसतांच त्यानें भाषांतर बाजूस ठेवून संगणकावरचा एखादा खेळच सुरू करावा! नियमाच्या शब्दास धक्का न लावतां केलेला हा निषेध होता. आज मात्र तोच जीसीसी निर्देशांचें पालन निमूटपणें व फार उत्तम रीतीनें करतो.

पाणिनीचे इत्

काम करून नाहींशा होणाऱ्या खुणा आपणांस नव्या नाहींत. घरांत ज्यांनीं थोडें व्याकरण केलें असेल त्यांस पाणिनीचे 'इत्' आठवतील. 'पच्' म्हणजे शिजविणें. त्यास 'घञ्' हा प्रत्यय लावला कीं 'पाक' हा शब्द सिद्ध होतो. तोच पाक, जो लाडवांसाठीं आमच्या भगिनी एकतारी कीं दोनतारी म्हणून पारखतात. आतां 'घञ्' मधला 'घ' कोठें आहे? 'ञ' कोठें आहे? शब्दांत दोहोंपैकीं एकहि उरलेला नाहीं. उरला तो केवळ मधला 'अ'. मग तीं अक्षरें लिहिलीं कशासाठीं? तर 'ञ' सांगतो कीं आधींच्या स्वरास वृद्धि कर, म्हणून 'प' चा 'पा' झाला. 'घ' सांगतो कीं शेवटच्या 'च' चा 'क' कर, म्हणून 'पाक'. निरोप पोंचवून दोघेहि निघून गेले. तसेंच 'कृ' धातूस 'क्त' लावला कीं 'कृत' होतें. तेथें 'क्' चा निरोप असा कीं, स्वरास हात लावूं नको. तो निरोप नसता तर 'कर्तृ' मध्यें होतो तसा गुण झाला असता.

संगणकाच्या निर्देशाची जात हीच आहे. भाषांतर झाल्यावर यंत्राच्या अंकभाषेंत निर्देशाचें एक अक्षरहि सांपडत नाहीं. सांपडतो तो त्याचा परिणाम. आणि पाणिनीच्या कांहीं सूत्रांचा अधिकार जसा पुढच्या ठराविक सूत्रांपर्यंतच चालतो, तसा निर्देशाचाहि अंमल कोठून कोठपर्यंत, हें ठरलेलें असतें.

आंत काय घडतें

आतां दुभाष्या हें काम कसें करतो तें क्रमानें पाहूं. उन्हाळ्यांत आमच्या मोठ्या कुटुंबांतून पापड होतात, तेंच उदाहरण घेऊं. चारशें पापड लाटावयाचे आहेत. एकीनें लाटले तर दिवस मावळेल. चार जावा बसल्या तर न्याहारीनंतर आरंभ करून दुपारच्या जेवणाआधीं उरकेल. मूळ आज्ञावलींत 'एकापासून चारशेंपर्यंत पापड लाट' एवढेंच लिहिलेलें आहे. त्याच्या डोक्यावर निर्देश आहे: 'हें काम वांटून करावें.'

पहिली पायरी ओळखण्याची. भाषांतराचा हुकूम देतांना ओपन-एम-पीचा विकल्प चालू केला असेल तरच दुभाष्या ती खूण पाहतो. नसेल तर ती ओळ साधा शेरा ठरते आणि एकटीच सून चारशें पापड लाटीत बसते. पापड दोन्ही वेळां चारशेंच होतात. एकाच मूळ लिखाणांतून एकहाती व अनेकहाती अशा दोन्ही आज्ञावली निघतात, हा ह्या रीतीचा फार मोठा गुण होय.

दुसरी पायरी अर्थ लावण्याची. खूण पटल्यावर दुभाष्या पुढचे शब्द व्याकरणानें तपासतो. खूण बरोबर पण पुढचा शब्द चुकलेला असेल तर येथेंच तो हटकतो. मग तो निर्देश खालच्या कामाशीं बांधतो व पोटकलमें वाचतो. कोणती वस्तु प्रत्येकीची स्वतंत्र? पोळपाट आणि लाटणें. कोणती सर्वांची मिळून? मध्यें ठेविलेली डांगराची परात. शेवटीं एकत्र काय करावयाचें? प्रत्येकीनें आपापले पापड मोजून ठेवावे आणि अखेरीस चारी आंकड्यांची बेरीज करावी. ह्या तिन्ही गोष्टींस ओपन-एम-पींत ठराविक शब्द आहेत, आणि ते लिहिण्याची जबाबदारी आज्ञावलीकाराची असते.

तिसरी पायरी खऱ्या रूपांतराची. दुभाष्या पापड लाटण्याचें काम मूळ जागेवरून उचलून त्याचा एक स्वतंत्र विधि तयार करतो. सर्वांस लागणाऱ्या सामाइक वस्तूंचें एक गांठोडें बांधतो. मूळ जागीं तो एवढेंच लिहून ठेवतो कीं, कारभाऱ्यास बोलवा, त्याच्या हातीं हा विधि आणि हें गांठोडें द्या. हा कारभारी म्हणजे दुभाष्याच्या जोडीस असणारा तयार आज्ञांचा संग्रह. आज्ञावली प्रत्यक्ष चालूं लागते तेव्हां तो यंत्राच्या निरनिराळ्या गाभ्यांवर काम करणारे हात जागे करतो आणि पहिलीस एक ते शंभर, दुसरीस एकशें एक ते दोनशें, अशी वांटणी करून देतो. शेवटची पापड पुरी करीपर्यंत कोणीहि उठावयाचें नाहीं, असा दंडकहि तोच पाळवितो. जीसीसीमध्यें ही सोय २००७ सालच्या ४.२ ह्या आवृत्तीपासून आहे.

पुण्याचें यंत्र आणि धाराशिवचा पाऊस

इतका खटाटोप कशासाठीं, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर पावसांत आहे. आमचा धाराशिव जिल्हा, ज्यास २०२३ सालापर्यंत शासनदरबारीं उस्मानाबाद म्हणत, सह्याद्रीच्या पलीकडे पर्जन्यच्छायेंत पडलेला. बालाघाटच्या रांगा, तेरणा नदीचें खोरें आणि आठ तालुके. पाऊस एकतर पाठ फिरवितो, नाहींतर अंगावर कोसळतो. शेजारच्या लातुरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. आणि सप्टेंबर २०२५ मध्यें परंडा व भूम ह्याच तालुक्यांत शेतें व घरें पुराखालीं गेलीं. मृगाचे चार थेंब पाहून सोयाबीन पेरावें आणि पुढें तीन आठवडे आभाळ कोरडें राहावें, म्हणजे बियाणें गेलें, खत गेलें, आणि दुबार पेरणीसाठीं कर्ज उभें राहिलें. त्या शेतकऱ्यास येत्या आठ दिवसांचें अनुमान मिळणें ही करमणुकीची बाब नव्हे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठांतून मराठवाड्यासाठीं हवामान-सल्ला निघतो. त्याच्या मुळाशीं महासंगणकांवर केलेलें गणित असतें.

हें गणित जेथें घडतें, त्यांपैकीं एक मोठें ठिकाण म्हणजे पुण्याची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या देशास हवामानासाठीं परदेशी क्रे यंत्र मोठ्या मिनतवारीनें घ्यावें लागलें. त्याहून मोठें यंत्र मिळण्याची वाट अडली, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली आणि अकोला जिल्ह्यांत जन्मलेले डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम ८०००' सिद्ध झाला. मौसमविज्ञान संस्थेंत २०१८ सालीं 'प्रत्यूष' आला, आणि सप्टेंबर २०२४ मध्यें 'अर्क'. अर्काचें सामर्थ्य ११.७७ पेटाफ्लॉप सांगतात. एकावर पंधरा शून्यें मांडावीं, त्या संख्येस जवळजवळ पावणेबारांनीं गुणावें, तितकीं गणितें एका सेकंदांत!

एवढ्या सामर्थ्याची गरज कां पडते, हें घरच्या घरीं गणित करून पाहतां येतें. पृथ्वीभोंवतालच्या वातावरणाचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनावर उभ्या असलेल्या हवेच्या स्तंभांत उष्णता, बाष्प, वारा व ढग ह्यांचा हिशेब करतात. चौकोनाची बाजू १२ किलोमीटर धरली तर त्याचें क्षेत्र १४४ चौरस किलोमीटर होतें. आमचा जिल्हा सुमारें साडेसात हजार चौरस किलोमीटर; म्हणजे अवघे बावन्न चौकोन. एका चौकोनांत पांच-पंचवीस गांवें एकदम बसतात, आणि त्या सगळ्यांस एकच पाऊस! मे २०२५ मध्यें पुण्याच्याच संस्थेंत सिद्ध झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' कामास लागली. तींत ही बाजू सुमारें ६ किलोमीटरांवर आणली आहे. त्या हिशेबानें जिल्ह्यावर दोनशेंहून अधिक चौकोन पडतात. कळंबचा पाऊस आणि उमरग्याचा पाऊस निराळा धरावयाचा तर असें बारीक विणकाम हवेंच.

परंतु बाजू निम्मी केली कीं चौकोन चौपट होतात, आणि गणित बिघडूं नये म्हणून काळाचें पाऊलहि निम्मेंच टाकावें लागतें. म्हणजे मेहनत आठपट झाली. साऱ्या पृथ्वीचें क्षेत्र सुमारें ५१ कोटि चौरस किलोमीटर. ६ किलोमीटरांच्या हिशेबानें एक कोटि चाळीस लाखांच्या घरांत स्तंभ झाले. आणि उद्यांचा पाऊस परवां सांगून कोणास काय लाभ? म्हणून हें काम वांटून करणें भाग आहे. एका यंत्रांतून दुसऱ्या यंत्रांत निरोप धाडण्याची रीत वेगळी आहे. पण एकाच यंत्राच्या पोटांतले अनेक गाभे कामास लावावयाचे तर निर्देशांचा मार्ग फार सोयीचा पडतो. एका क्षणापुरता एका स्तंभांतला ढगाचा वा उन्हाचा हिशेब शेजारच्या स्तंभावर बहुतांशीं अवलंबून नसतो. चार जावांनीं चार शेंकडे पापड वांटून घ्यावे तसे स्तंभ वांटतां येतात. जगांतल्या मोठ्या हवामान-प्रतिमानांच्या फोर्ट्रान संहिता उघडून पाहिल्यास, उद्गारचिन्ह, डॉलर व ओएमपी ह्यांनीं सुरू होणाऱ्या ओळी जागोजाग दिसतात.

आज्ञा, सुचवणूक आणि हमी

येथवर सर्व सुरळीत वाटलें. आतां धोक्याची बाजू सांगितली पाहिजे. सगळे निर्देश एकाच जातीचे नसतात. कांहीं आज्ञा असतात: हें काम वांटून कर. कांहीं नुसत्या सुचवणुकी असतात: अमुक केल्यास बरें, दुभाष्यास पटलें तर तो करतो, न पटलें तर सोडून देतो. आणि कांहीं हमी असतात: ह्या ओळी एकमेकींवर अवलंबून नाहींत हें मी सांगतों, तूं तपासूं नकोस. ही तिसरी जात सर्वांत जोखमीची. दुभाष्या लिहिणाऱ्याचा शब्द खरा मानून चालतो. तो साक्षीपुरावा मागत नाहीं.

हमी खोटी निघाली तर काय होतें? दोघां भावांची सामाइक खतावणी डोळ्यांपुढें आणा. शिल्लक शंभर रुपये आहे. थोरल्यास वीस रुपये जमा करावयाचे आहेत व धाकट्यास तीस. थोरल्यानें वहींत शंभर वाचले. त्याच क्षणीं धाकट्यानेंहि शंभरच वाचले. थोरल्यानें मनांत बेरीज करून एकशेंवीस लिहिले, आणि लगेच त्यावर धाकट्यानें एकशेंतीस लिहिले. खरी शिल्लक दीडशें; वहींत एकशेंतीस. दोघांचेंहि गणित बिनचूक, दोघेहि प्रामाणिक, तरी वीस रुपये गेले कोठें? आणि उद्यां कदाचित् थोरला आधीं वाचील, लिहील, मग धाकटा वही उघडील, आणि उत्तर अचूक दीडशें येईल. आज चूक, उद्यां बरोबर, परवां पुनः चूक: असल्या दोषाचा माग काढतां काढतां जाणते लोकहि थकून जातात. अशा जागीं वही एका वेळीं एकाच्याच हातीं द्यावी, किंवा प्रत्येकानें आपली चिठी वेगळी ठेवून अखेरीस बेरीज करावी, असें निर्देशांत स्पष्ट लिहावें लागतें. न लिहिल्यास दुभाष्या तें आपणहून घालीलच असा भरंवसा नाहीं.

दुसरा धोका उलट्या बाजूचा. फोर्ट्रानमध्यें उद्गारचिन्ह आणि डॉलर ह्यांमध्यें चुकून एक जागा मोकळी सुटली, कीं निर्देशाचा शेरा झाला. दुभाष्या तक्रार करीत नाहीं. त्याच्या दृष्टीनें चूक घडलेलीच नाहीं. उत्तर बरोबर येतें, पण चौघींचें काम एकटी करीत बसते. खोट्या हमीनें उत्तर बिघडतें, सुटलेल्या खुणेनें वेळ बिघडतो. आणि हवामानाच्या कामांत वेळ बिघडणें हेंहि उत्तर बिघडण्यासारखेंच.

तिसरी गोष्ट ह्याहून सूक्ष्म आहे. सर्व निर्देश बिनचूक असले तरी, चौघींच्या चार बेरजा कोणत्या क्रमानें मिळवाव्या ह्यावर अपूर्णांकाचें शेवटचें स्थान बदलूं शकतें. कारण यंत्र ठराविक स्थळांपुढचे अंक सोडून देतें. एवढ्यानें काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. १९६१ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ ह्यांनीं हवामानाचें एक लहानसें गणित मधूनच पुनः सुरू करतांना ०.५०६१२७ ह्याऐवजीं छापील कागदावरचा ०.५०६ हा अंक घातला. आरंभीं दोन्ही गणितें हातांत हात घालून चाललीं. थोड्याच काळांत त्यांचीं हवामानें एकमेकांस ओळखेनाशीं झालीं. म्हणून हवामान-गणित करणारे लोक तेंच गणित एका हातानें व अनेक हातांनीं करून दोन्हींचीं उत्तरें ताडून पाहतात, आणि फरक दिसल्यास तो केवळ बेरजेच्या क्रमाचा कीं एखाद्या खोट्या हमीचा, ह्याचा तपास करतात.

दुभाष्यानें स्वतःच ओळखूं नये काय?

कोणी चाणाक्ष वाचक विचारील, हें काम वांटण्याजोगें आहे कीं नाहीं तें दुभाष्यानेंच कां पाहूं नये? पाहतो, आणि त्या विद्येंत आपल्या महाराष्ट्रांत मोलाची भर पडली आहे. मुंबईच्या आयआयटींत प्रा. धनंजय धामधेरे ह्यांनीं आज्ञावलींतील पुनरुक्ति शोधून काढून टाकण्याच्या रीतींवर दीर्घ काळ संशोधन केलें. त्यांच्या पाठ्यपुस्तकांवर भारतांतल्या कित्येक विद्यार्थ्यांनीं कंपायलरचे पहिले धडे गिरविले. त्याच संस्थेंत प्रा. उदय खेडकर ह्यांनीं आज्ञावलींत माहितीचा प्रवाह कोठून कोठें जातो ह्याच्या विश्लेषणास वाहून घेतलें, आणि जीसीसीच्या अभ्यासाचें केंद्र तेथें चालविलें. कोणती ओळ कोणत्या ओळीवर अवलंबून आहे हें दुभाष्यास उमगतें तें अशाच विश्लेषणानें.

तथापि ह्या विश्लेषणास मर्यादा आहेत. कांहीं गोष्टी आज्ञावली प्रत्यक्ष चालल्यावांचून कळतच नाहींत, आणि कोणत्याहि आज्ञावलीविषयीं असे सर्व प्रश्न अचूक सोडविणारी एकच रीत असूं शकत नाहीं, हें गणितानेंच सिद्ध केलेलें आहे. शंका असेल तेथें इमानी दुभाष्या सावध बाजू धरतो आणि काम एकहातीच ठेवतो. त्याची ही सावधगिरी जेथें अनाठायीं आहे, तेथें मनुष्य आपल्या जबाबदारीवर निर्देश लिहितो. म्हणजे निर्देश हा दुभाष्याच्या अज्ञानाचा आणि मनुष्याच्या ज्ञानाचा सांधा होय. ज्ञान खरें असेल तर सांधा बळकट. नसेल तर सगळी इमारत तेथेंच खचते.

आमच्या घरांतलीं जीं तरुण मुलेंमुली ह्या विद्येच्या मागें आहेत, त्यांस आम्ही एवढेंच सुचवूं. निर्देश लिहिण्यापूर्वीं तीन प्रश्न स्वतःस विचारावे. हें काम खरोखरच परस्परांपासून स्वतंत्र आहे काय? कोणती वस्तु प्रत्येकाची व कोणती सर्वांची, हें मीं स्पष्ट लिहिलें आहे काय? आणि हें सारें मीं एका हातानें व अनेक हातांनीं चालवून ताडून पाहिलें आहे काय? ह्या तिहींचें उत्तर होकारार्थी येईपर्यंत हात आंवरावा. वडील मंडळींनींहि नातवाच्या पडद्यावर उद्गारचिन्हानें सुरू होणारी एखादी ओळ दिसल्यास ती कशासाठीं आहे हें त्यास अवश्य विचारावें. नातवास ती समजावून सांगतां आली तर त्यास ती खरी समजली आहे असें जाणावें.

दरसाल मृग लागतांना तुळजापूर-लोहाऱ्याकडचा शेतकरी पाभर सज्ज करून आभाळाकडे पाहत असतो. पुण्याच्या यंत्रांतली ती एक ओळ त्याच्या दृष्टीस कधींच पडणार नाहीं, आणि यंत्रभाषेंत तर तिचें अक्षरहि उरलेलें नसतें. परंतु पेरावें कीं चार दिवस थांबावें, हें ठरवितांना तो ज्या अनुमानावर विसंबतो, त्याचा खरेखोटेपणा तसल्या शेंकडों ओळी कोणी किती जपून लिहिल्या ह्यावरहि अवलंबून असतो.